कॅन्सरवरचं ‘कोबाल्ट’ आलं कुठून? सास्काटूनच्या एका यंत्राची गोष्ट

घरात कुणाला कॅन्सर असल्याचं निदान झालं की पहिल्या काही दिवसांत नवनवे शब्द अंगावर येतात. बायॉप्सी, स्टेज, केमो, रेडिएशन. त्यात भर म्हणून ओळखीतलं कुणीतरी विचारतं, “कोबाल्टवर देणार की लिनॅकवर?” ही दोन्ही किरणोपचाराची यंत्रं. गावाकडे आजही किरणोपचाराला ‘शेक देणं’ किंवा ‘लाइट देणं’ म्हणतात. पेशंटला रोज त्या खोलीत नेतात, टेबलावर निजवतात, सगळे बाहेर जातात, जाड दार बंद होतं आणि काही मिनिटांत पेशंट बाहेर येतो. आत काय झालं हे नातेवाइकांना कुणी सांगत नाही, आणि विचारायला धीरही होत नाही.

ते काय होतं, हे कोबाल्टच्या यंत्रावरून सगळ्यात सोपं कळतं. त्यासाठी कॅनडातल्या सास्काटून या शहराकडे वळावं लागेल. कॅनडा म्हटलं की आपल्याला टोरंटो, व्हँकूव्हर, फार तर ब्रॅम्प्टन आठवतं. सास्काटून हे सास्काचेवान प्रांतातलं, गव्हाच्या सपाट प्रदेशातलं, नदीकाठचं शहर. २०२१च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २,६६,१४१ होती, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याच्या ठिकाणाएवढी. १९५१ साली तर ती पन्नास हजारांच्या आसपास होती. एवढ्याशा शहरातून आलेल्या यंत्राने पुढे जगभर लाखो लोकांवर उपचार झाले. हे तिथे का घडलं, हा मला त्या यंत्राइतकाच महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

### आधी, किरणोपचार म्हणजे काय?

आपल्या शरीरातल्या पेशी वाढतात, दुभंगतात, मरतात. कॅन्सरच्या पेशी थांबायचं विसरतात आणि दुभंगतच राहतात. जोरदार ऊर्जेचे किरण पेशीतून गेले की आतल्या डीएनएचे धागे तुटतात. निरोगी पेशी हे धागे बऱ्यापैकी सांधून घेते. कॅन्सरच्या पेशीला ते नीट जमत नाही, आणि पुढच्या वेळी दुभंगताना ती मरते.

म्हणूनच हा उपचार एका दिवसात उरकत नाहीत. आठवड्यातले पाच दिवस, अनेकदा पाच-सहा-सात आठवडे, रोज थोडा थोडा डोस देतात. मधल्या वेळात निरोगी पेशी सावरतात. “एवढे हेलपाटे कशाला, एकदाच जोरात द्या ना,” असं पेशंटचे लोक म्हणतात ते समजण्यासारखं आहे. गावाहून शहरात येऊन महिना-दीड महिना राहायचं म्हणजे घर उलटंपालटं होतं. पण उपचाराची सगळी ताकद त्या हेलपाट्यांतच आहे.

### जुन्या एक्स-रेची अडचण

१९५०च्या आधी या कामाला एक्स-रेची यंत्रं वापरत. बहुतेक यंत्रं दोन ते चार लाख व्होल्टची. त्यांच्या किरणांचा सगळ्यात जास्त मारा कातडीवर होई आणि आत जाता जाता जोर ओसरत जाई. चुलीच्या भडक्या आचेवर बटाटा टाकला की साल करपते आणि आत कच्चाच राहतो, तसं. गाठ दहा सेंटिमीटर खोल असेल तर तिथवर जेमतेम एक तृतीयांश डोस पोहोचायचा. गाठीला पुरेसा द्यावा तर कातडी भाजून निघायची, आणि कातडी सांभाळावी तर गाठ तशीच राहायची. गर्भाशयमुख, मूत्राशय, अन्ननलिका अशा आतल्या अवयवांच्या कॅन्सरमध्ये डॉक्टरांचे हात बांधलेलेच होते.

रेडियम होतं, पण त्याचा भाव आवाक्याबाहेरचा. मोठमोठ्या रुग्णालयांकडेही ते काही ग्रॅमच असे.

### कोबाल्ट-६० म्हणजे नेमकं काय?

कोबाल्ट हा लोखंडाच्या जवळचा एक धातू. निसर्गात मिळणारा कोबाल्ट-५९ निरुपद्रवी असतो. तो अणुभट्टीत ठेवला की न्यूट्रॉन नावाच्या सूक्ष्म कणांचा त्याच्यावर मारा होतो. एक न्यूट्रॉन आत शिरला की त्याचा कोबाल्ट-६० होतो. हा अणू अस्थिर असतो, म्हणजेच किरणोत्सारी. कधी ना कधी तो निकेलमध्ये बदलतो आणि बदलताना दोन गॅमा किरण सोडतो. गॅमा किरण हे एक्स-रेच्याच जातीचे, पण यांची ऊर्जा जुन्या यंत्रांतल्या एक्स-रेच्या कितीतरी पट.

या जास्त ऊर्जेमुळे दोन गोष्टी साधतात. दहा सेंटिमीटर खोलीवर निम्म्याहून थोडा अधिक डोस पोहोचतो. आणि डोसचा सर्वोच्च बिंदू कातडीवर न राहता सुमारे अर्धा सेंटिमीटर आत सरकतो, कारण हे किरण ज्या इलेक्ट्रॉनांना धक्का देतात ते पुढच्या दिशेने जातात आणि थोडं आत गेल्यावर आपली ऊर्जा टाकतात. कातडी वाचली ती या अर्ध्या सेंटिमीटरमुळे. वाचायला किरकोळ वाटतं, पण ज्यांनी आधीच्या काळातल्या भाजलेल्या जखमा पाहिल्या होत्या त्यांच्यासाठी हा जमीन-अस्मानाचा फरक होता.

आणखी एक शब्द ध्यानात ठेवू: अर्धायुष्य. कोबाल्ट-६०चा निम्मा साठा ५.२७ वर्षांत संपतो. म्हणजे यंत्राचा जोर महिन्याला साधारण एक टक्क्याने घटतो आणि तेवढाच डोस द्यायला पेशंटला टेबलावर थोडा जास्त वेळ पडून राहावं लागतं. काही वर्षांनी कोबाल्टची नळकांडी बदलावीच लागते.

### मग हे सास्काटूनलाच का झालं?

यंत्राची कल्पना काही एकट्या सास्काटूनची नव्हती. कोबाल्ट-६० रेडियमची जागा घेऊ शकेल, असं ब्रिटनचे भौतिकशास्त्रज्ञ मेनियर्ड १९४०च्या दशकातच सांगत होते. अडचण होती ती एवढा जोरदार कोबाल्ट बनवणार कोण ही. ओटावा नदीकाठच्या चॉक रिव्हर इथली एनआरएक्स ही अणुभट्टी १९४७ साली सुरू झाली, आणि तेव्हा न्यूट्रॉनचा एवढा दाट मारा जगात दुसरीकडे क्वचितच मिळत असे. म्हणजे कच्चा माल कॅनडातच होता. तो मागायला पुढे कोण सरसावलं, ते पाहण्यासारखं आहे.

सास्काचेवान हा शेतकऱ्यांचा प्रांत. १९३०च्या दशकात दुष्काळ आणि गव्हाचे पडलेले भाव यांनी तो पार मोडून पडला होता. पण त्याच १९३० साली त्या प्रांताने कायदा करून सरकारी कॅन्सर आयोग नेमला. सास्काटूनच्या विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख अर्टल हॅरिंग्टन त्या आयोगासाठी रेडियमपासून रेडॉन वायू काढून उपचारासाठी पुरवत. भौतिकशास्त्रज्ञाने कॅन्सरच्या दवाखान्यासाठी राबायचं, ही तिथली जुनी रीत झाली होती. १९४४ साली टॉमी डग्लस यांचं सरकार आलं आणि प्रांतात कॅन्सरचं निदान व उपचार मोफत झाले. उपचाराचा खर्च सरकार करणार म्हटल्यावर, अधिक चांगल्या यंत्राचा फायदाही सरकारला स्वतःच्या हिशेबात दिसू लागतो. पुढे १९६२ साली याच प्रांताने सगळ्याच आजारांसाठी सार्वजनिक आरोग्य विमा आणला आणि डॉक्टरांचा २३ दिवसांचा संप सोसला. कॅनडाच्या आजच्या आरोग्यव्यवस्थेचं मूळ तिथे आहे.

विद्यापीठही त्या वेळच्या मानाने धाडसी होतं. १९३५ साली, तिजोरीत खडखडाट असताना, नाझी जर्मनीतून बाहेर पडावं लागलेल्या गेरहार्ड हर्झबर्ग यांना त्याने आसरा दिला. त्यांची पत्नी लुइझ ज्यू होती आणि स्वतःही शास्त्रज्ञ होती. हर्झबर्ग दहा वर्षं सास्काटूनला राहिले, आणि १९७१ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९४८ साली विद्यापीठाने बीटाट्रॉन हे इलेक्ट्रॉनांना वेग देणारं यंत्र आणलं आणि त्याच्यावर पुढच्याच वर्षी कॅन्सरच्या पेशंटवर उपचारही सुरू केले.

अशा ठिकाणी १९४५ साली हॅरॉल्ड जॉन्स आले. जन्म चीनमधल्या चेंगदूचा, आईवडील मिशनरी. नोकरी एकाच वेळी दोन ठिकाणी: विद्यापीठात शिकवायचं आणि कॅन्सर आयोगाचा भौतिकशास्त्रज्ञ म्हणूनही काम करायचं. १९४९ साली त्यांनी चॉक रिव्हरकडे कोबाल्टची मागणी नोंदवली. यंत्राचा आराखडा त्यांनी आणि लॉइड बेट्स या विद्यार्थ्याने केला. ते घडवलं मात्र सास्काटूनच्याच ‘ॲक्मे मशीन अँड इलेक्ट्रिक’ या वर्कशॉपच्या जॉन मॅके यांनी. जगातल्या पहिल्या दोन कोबाल्ट यंत्रांपैकी एक गावातल्या वर्कशॉपमध्ये तयार झालं, ही गोष्ट मला विशेष भावते. पोलादी कवचात शिसं भरलेलं जड डोकं आणि त्याच्या आत एक चाक, चाकाच्या कडेवर कोबाल्टच्या पातळ चकत्या. चाक फिरून चकत्या भोकासमोर आल्या की किरण बाहेर, परत फिरलं की बंद.

त्या चकत्यांचा जोर होता सुमारे १,००० क्युरी (क्युरी हे किरणोत्साराचं माप). तेवढ्या गॅमा किरणांसाठी एक किलोहून अधिक रेडियम लागलं असतं.

### तीन महिने नुसतं मोजमाप

कोबाल्ट सास्काटूनला पोहोचला १९५१च्या जुलैअखेर. पहिल्या पेशंटवर उपचार सुरू झाले ८ नोव्हेंबरला. मधले तीन महिने काय केलं? मोजमाप. आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

हे काम ज्यांच्याकडे होतं त्यांत सिल्व्हिया फेडोरुक होत्या. कॅनोरा गावात १९२७ साली जन्मलेल्या, युक्रेनहून आलेल्या कुटुंबातल्या. वडील एका खोलीच्या शाळेत मास्तर आणि मुलगी त्याच शाळेत विद्यार्थिनी. १९५१ साली त्या नुकत्याच एमए झाल्या होत्या. शरीराचा बराचसा भाग पाणीच असल्याने अशा चाचणीत माणसाऐवजी पाण्याची टाकी घेतात. टाकीवर वरून किरण सोडायचे, पाण्यात किरण मोजणारी छोटी कुपी बुडवायची आणि आकडा टिपायचा. मग कुपी जराशी खाली न्यायची आणि पुन्हा टिपायचा. नंतर बाजूला सरकवायची. किरणांचा चौकोन लहान-मोठा करायचा आणि सगळं पहिल्यापासून. अशा शेकडो आकड्यांतून एक तक्ता तयार होतो: अमुक मापाच्या किरणांनी, अमुक खोलीवर, कातडीजवळच्या डोसच्या किती टक्के डोस पडतो.

हा तक्ता हाती नसेल तर यंत्र कितीही भारी असो, डॉक्टर अंधारात तीर मारतोय. डोस थोडा कमी पडला तर कॅन्सर परततो, थोडा जास्त झाला तर आतडं किंवा मूत्राशय जायबंदी होतं. सास्काटूनच्या मंडळींनी हे आकडे छापून सगळ्यांना खुले केले. जॉन्स यांनी १९५३ साली लिहिलेलं पाठ्यपुस्तक पुढे अनेक पिढ्यांच्या किरणोपचार-भौतिकशास्त्रज्ञांनी अभ्यासलं.

पहिली पेशंट होती ४३ वर्षांची, गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेली बाई. ती त्यानंतर कित्येक दशकं जगली. ते यंत्र १९७२पर्यंत चाललं आणि त्यावर सहा हजारांहून अधिक पेशंटांवर उपचार झाले.

फेडोरुक यांचं पुढचं आयुष्यही वाचावं असं. अणुऔषधशास्त्रात संशोधन, कॅनडाच्या अणुऊर्जा नियंत्रण मंडळावरच्या पहिल्या महिला, विद्यापीठाच्या कुलपती, आणि १९८८ ते १९९४ सास्काचेवानच्या लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे आपल्या राज्यपालांसारखं पद. शिवाय कर्लिंग, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवून नेमक्या वर्तुळात थांबवायचा खेळ. त्यांचा संघ १९६१ साली त्या खेळात महिलांचा राष्ट्रीय विजेता ठरला होता.

### पण पहिला नंबर तर लंडनचा ना?

हो. हे लंडन म्हणजे कॅनडाच्याच ओंटारियो प्रांतातलं लंडन शहर. तिथल्या व्हिक्टोरिया हॉस्पिटलमध्ये डॉ. आयव्हन स्मिथ यांच्या देखरेखीखाली २७ ऑक्टोबर १९५१ला कोबाल्टने पहिला उपचार झाला, सास्काटूनच्या बारा दिवस आधी. (याच लंडनमध्ये फ्रेडरिक बँटिंग यांना १९२०च्या ऑक्टोबरअखेर मध्यरात्री इन्सुलिनच्या शोधाकडे नेणारी कल्पना सुचली होती. मध्यम आकाराच्या शहरांना कमी लेखू नये ते यासाठी.) लंडनचं यंत्र एल्डोराडो या सरकारी कंपनीने बांधलं होतं. त्यात चाकाऐवजी पारा होता: पारा बाजूला सरला की किरण बाहेर पडत. पुढे जगभर यंत्रं विकली ती या कंपनीने आणि तिच्या वारसदारांनी.

तेव्हा तारखेच्या हिशेबाने मान लंडनचा. सास्काटूनचे अभिमानी नागरिक कोबाल्ट आमच्याकडे आधी आला होता म्हणतात, तेही खरंच आहे. मला या शर्यतीत फारसा रस नाही. कोबाल्ट हातात असून पेशंट वाट पाहत असताना, आधी पाण्याच्या टाकीत आकडे घेत बसायला वेगळी हिंमत लागते.

### किरणोत्सारी म्हणजे धोका नाही का?

वर्तमानपत्रांनी तेव्हा या यंत्राला ‘कोबाल्ट बॉम्ब’ असं नाव दिलं. हिरोशिमाला जेमतेम सहा वर्षं झाली होती. त्या नावाने आजवर लोकांना उगाच घाबरवलं आहे. यंत्रात स्फोट होण्यासारखं काहीही नसतं.

दुसरी भीती अधिक जवळची: उपचार घेऊन आलेल्या माणसाच्या ताटात जेवलं, शेजारी झोपलं, नातवाला मांडीवर दिलं तर? काहीही होत नाही. बाहेरून सोडलेले गॅमा किरण शरीरातून आरपार जातात, आत साठत नाहीत, आणि शरीराला किरणोत्सारी करण्याइतकी त्यांची ऊर्जाही नसते. यंत्र बंद झालं की विषय संपला. थायरॉइडच्या काही रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन पोटातून देतात, तेव्हा काही दिवस अंतर राखायला सांगतात. तो प्रकार निराळा. दोन्हींची गल्लत होते आणि आजारी माणसाला आपल्याच घरात वेगळं काढलं जातं. हे थांबायला हवं.

खरा धोका आहे तो कोबाल्ट बेवारस सुटण्याचा. एप्रिल २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं उपकरण भंगार म्हणून विकलं गेलं. आतला कोबाल्ट-६० उघडा पडला, अनेकजण आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. ते उपचाराचं यंत्र नव्हतं, पण धडा तोच: कोबाल्ट आणायचा तर तो जुना झाल्यावर परत कुठे जाणार, याची नोंद पहिल्या दिवसापासून हवी.

### तुर्भे, खारघर आणि लासलगाव

सास्काटूनचा कोबाल्ट ज्या एनआरएक्स अणुभट्टीत तयार झाला, तिच्याच आराखड्यावरची एक अणुभट्टी मुंबईत होती. तुर्भ्याची सायरस. कॅनडाच्या मदतीने उभी राहिलेली, जुलै १९६०मध्ये सुरू झालेली आणि २०१०च्या अखेरीस बंद झालेली. उपचारासाठी आणि उद्योगासाठी लागणारी किरणोत्सारी द्रव्यं तिथे तयार होत. १९७४च्या पोखरण चाचणीत सायरसमधलं प्लुटोनियम वापरलं गेलं आणि कॅनडाने अणुसहकार्य थांबवलं. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्याच धर्तीवरच्या अणुभट्ट्यांचं काम आपल्या लोकांनी पुढे नेलं, आणि आज आपला कोबाल्ट-६० मुख्यतः तिथून येतो.

यंत्रं मात्र बराच काळ परदेशी होती. मग भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र तयार केलं, आणि पहिलं बसलं ते नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात.

कोबाल्टचा उपयोग दवाखान्यापुरता नाही. लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्टचेच गॅमा किरण देतात. २००७ साली हापूस अमेरिकेला पुन्हा जायला लागला तो तिथून किरण घेऊन, कारण फळातल्या किडीची वाढ आणि पैदास थांबवणारे किरण दिलेले असावेत, अशी अमेरिकेची अट होती. आंबा किरणोत्सारी होत नाही, पेशंट होत नाही त्याच कारणाने.

### मग कोबाल्ट आता जुनं झालं का?

लिनॅक हे विजेवर चालणारं यंत्र. इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देऊन त्यांच्यापासून जास्त ऊर्जेचे एक्स-रे बनवतं. त्याचे किरण अधिक खोल जातात, त्यांच्या कडा अधिक रेखीव असतात, आणि संगणकाच्या मदतीने गाठीच्या आकारानुसार डोस घडवता येतो. मेंदू, घसा, प्रोस्टेट अशा जागी, जिथे शेजारी नाजूक अवयव अगदी खेटून आहेत, तिथे लिनॅक सरस आहे याबद्दल दुमत नाही. ज्यांना परवडतं त्या देशांनी कोबाल्ट बहुतेक सोडलं. आपल्या मोठ्या शहरांतही तोच कल आहे.

पण लिनॅकला स्थिर वीज लागते, थंडावा लागतो, तयार इंजिनिअर लागतो, आणि सुटा भाग यायला वेळ लागला की यंत्र बंद आणि पेशंटचा क्रम तुटतो. किरणोपचारात मध्ये खंड पडणं फार वाईट. मधल्या दिवसांत गाठ वाढते. कोबाल्टचे किरण मात्र विजेच्या लहरीवर अवलंबून नसतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसारख्या आजारात, नीट आखणी असेल तर, चालू असलेलं कोबाल्ट यंत्र बंद पडलेल्या लिनॅकपेक्षा निश्चित बरं. “कोबाल्ट म्हणजे गरिबांचा उपचार” असं नाक मुरडणाऱ्यांना मला हेच सांगायचं असतं.

त्यामुळे घरच्या माणसासाठी रुग्णालय निवडताना यंत्राच्या नावाइतकाच आणखी एक प्रश्न विचारा: इथे मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे डोसचं मोजमाप सांभाळणारे भौतिकशास्त्रज्ञ, कोण आहेत, आणि यंत्राचा डोस शेवटचा कधी मोजला? अणुऊर्जा नियामक मंडळ म्हणजे एईआरबी परवाना देताना अशी पात्र व्यक्ती असणं बंधनकारक करतं, आणि मोजमापाच्या नोंदी ठेवणं हे तिचं रोजचं काम आहे. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगल्या ठिकाणी त्या व्यक्तीला बोलावून तुमच्याशी गाठ घालून देतील, आणि किती दिवस, कुठल्या दिशांनी, किती डोस हे ती तुम्हाला कागदावर आकृती काढून समजावेल.